यमकाला सूट नाही

मराठी रॅपवर बोलणारे दोन प्रकारचे लोक मला सारखाच वैताग आणतात. एकांना त्यात शिव्यांपलीकडे काही ऐकू येत नाही. दुसरे, वस्तीतला मुलगा माइकपुढे उभा राहिला की ‘वेदनेचा हुंकार’ असं लिहून मोकळे होतात. गाणं दोघांनीही ऐकलेलं नसतं. कवितासंग्रहाला आपण जे विचारतो, म्हणजे शब्द नेमका आहे का, यमक कमावलेलं आहे का, ते या मुलांना विचारायचं नाही असं कोणी ठरवलं?

मराठीत यमक फार स्वस्त आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे करतो-मरतो-हरतो अशी रांग लावायला कष्ट पडत नाहीत. पुष्कळसं मराठी रॅप या रांगेवरच चालतं, वर थोडा ‘नाद खुळा’ आणि महाराजांचा जयजयकार. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत ओवीचे तीन चरण यमकात बांधलेले आणि चौथा, आखूड, मोकळा सोडलेला आहे. ही युक्ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता नावं घेऊन. डिव्हाइनच्या ‘गुनेहगार’मध्ये (2022) रस, जेडाकिस असे अमेरिकन पाहुणे भरपूर, अंधेरी कमी. ‘तांबडी चामडी’वर (2024) मी स्वयंपाकघरात नाचते. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं आणि ‘मराठी जगात पोचली’ असा गजर झाला. पोचला तो नाद. मराठी तिथे ताशासारखी वाजते. ताशा मला आवडतो, पण त्याला भाषेचा विजय म्हणू नका.

एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ (2020) मात्र मी अजून ऐकते. पोलीस ठाण्यातून उचललेलं ते नावच अर्धं काम करतं. पुण्याच्या ताडीवाला रोडवरची ती हिंदी मराठीच्या हाडावर बेतलेली आहे. ‘इन्सान’मध्ये (2022) तोच मुलगा ऑटोट्यूनच्या धुक्यात स्वतःची कीव करत बसतो. 2023 मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला आणि भिलाईच्या सेक्टरांमधली हिंदीभाषक पोरं एकमेकांना ‘शेमडी’ म्हणू लागली. मला त्यात आपली शेंबडी ऐकू येते, फक्त अनुस्वार पुसलेला. पोलाद कारखाना उभा राहताना इथे आलेल्या मराठी माणसांची नातवंडं आता घरातही हिंदी बोलतात. आम्ही मोठे त्यांच्यासाठी नाट्यगीतांची संध्याकाळ ठेवतो आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की हळहळतो. या पोरांच्या तोंडी आपणहून आलेला मराठी शब्द शेंबडा निघाला, याचं हसू येतं आणि रागही. राग स्टॅनवर नाही.

या सगळ्यांत सर्वांत चांगला अल्बम स्वदेसी या मुंबईच्या गटाचा ‘चेतावनी’ (2020). मराठी, हिंदी, गुजराती त्यात शेजारी राहतात, एकमेकींचा अनुवाद करत नाहीत. अनुवादक म्हणून मला याचा हेवा वाटतो. आरेच्या जंगलावरचं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ (2019) प्रकाश भोईर यांच्यासोबतचं आहे. तिथे आदिवासी आवाज सजावटीला आणलेला नाही, गाणं त्याच्यावरच उभं आहे. या गटातला एमसी तोडफोड 2022 मध्ये गेला, 24 व्या वर्षी. श्रद्धांजल्यांत त्याच्या शब्दांबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही.

हुंकाराचं म्हणाल तर आमच्या भागात तो कामाचा असतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी आठवा: अर्धं बोलणं, अर्धं गाणं, आणि बाजूला ‘रागी’. तो ‘हौ’ म्हणतो, मध्येच प्रश्न विचारतो, कथा पुढे ढकलतो. समीक्षकाने रॅपचा रागी व्हावं. रडायला आलेला पाहुणा नको.

शब्दन् शब्द ऐकणारे आहेत, पण ते भलतेच. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्यावर सरकारवर टीका करणाऱ्या रॅपबद्दल गुन्हे नोंदवले गेले. मुंगासेंचं ‘खोक्यां’वरचं गाणं रचना म्हणून मला बेताचं वाटतं, आणि ते रचल्याबद्दल कोणाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये. ही दोन्ही वाक्यं मी एकाच परीक्षणात लिहीन.