सस्पेन्स अकाउंट

भुताच्या मालिकेत लॉजिक शोधणारा माणूस बावळट असतो, असं एक मत हल्ली फार बोकाळलं आहे. लग्नाच्या पंगतीत म्हणा, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये म्हणा, बँकेत डबा खाताना म्हणा, तुम्ही नुसतं विचारून बघा, "अहो, पण ही बाई परवा मेली होती ना? मग आज धुणं कसं वाळत घालतेय?" लगेच समोरचा चेहऱ्यावर करुणा आणून म्हणतो, "भुताची मालिका आहे हो. डोकं बाजूला ठेवून बघायची!" आता डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये डोकं ठेवायला बाजू असते कुठे? एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला मुलांची दप्तरं आणि उरलेल्या बाजूला खुद्द टीव्ही. शिवाय ज्या डोक्यानं दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे, ते रात्री साडेदहाला खुंटीवर टांगायची कला आम्हांला अवगत नाही.

माझं म्हणणं बरोबर उलट आहे आणि ते मी कॉमर्सचा पदवीधर या नात्यानं मांडतो. हिशेब सगळ्यांत कडक कुठे लागत असेल, तर तो भुताच्या गोष्टीत. साध्या गोष्टीत लेखक घसरला तर जग त्याला सांभाळून घेतं. पाणी खालीच वाहतं, मेलेला माणूस उठत नाही, बंद दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. भुताच्या गोष्टीत हे सगळे नियम लेखकानं पहिल्याच रात्री रद्द केलेले असतात. मग उरतात ते त्यानं स्वतः घालून दिलेले दोन-चार. तेवढेही त्यानं मोडले, तर बघणाऱ्यानं धरायचं कशाला? चादरीला?

ज्यांचा बँकेशी संबंध फक्त पासबुक भरून घेण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेरीज जुळली नाही, म्हणजे जमा आणि नावे यांच्या बेरजांत फरक आला, की तो फरक तात्पुरता एका खात्यात टाकतात. त्या खात्याचं नाव सस्पेन्स अकाउंट. नाव ठेवणारा साहेब रहस्यकथांचा शौकीन असावा. हे खातं उघडायला कुणाची ना नसते, पण ते मिटवावं लागतं. नाही मिटवलं तर ऑडिटर येतो, चष्मा नाकावर ओढतो आणि विचारतो, "ही साडेतीनशेची एंट्री कसली?" त्या वेळी "साहेब, डोकं बाजूला ठेवून बघा" असं म्हणायची सोय नाही.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या इमारतीत सण असल्यासारखं वातावरण होतं. आमच्या जिन्यावरची निम्मी बिऱ्हाडं सिंधुदुर्गातली. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'नं रंगभूमीवर मालवणी गाजवली, त्याला किती वर्षं झाली. आता रोज रात्री, घरबसल्या, फुकट मालवणी ऐकायला मिळणार! सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा, तो पाऊस, ती माई, तो दत्ता. पहिल्याच भागात अण्णा नाईक गेले आणि खातं उघडलं. सुरुवातीचे भाग असे होते, की आमच्याकडे रात्री अकरानंतर पाणी प्यायला कुणी एकटं स्वयंपाकघरात जाईना. सौ. तर पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवायची. त्या महिन्याचं विजेचं बिल मी कौतुकानं भरलं. लेखकाला याहून मोठी दाद बँकेतला माणूस देऊ शकत नाही.

आमच्या शेजारच्या काकी कुडाळकडच्या. त्यांचं भुतांचं ज्ञान म्हणजे आमच्या मॅन्युअलसारखं, कलमवार. मुंजा पिंपळावरच राहणार, वडावर नाही. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, तोच मुंजा. इतरांनी त्या पदासाठी अर्ज करू नये. समंधाचा जीव मागं राहिलेल्या संपत्तीत. गिऱ्हा पाण्यापाशी. देवचार गावाची हद्द राखतो, त्याचा मान ठेवला तर वाटेला जात नाही, उलट वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, कारण ठरलेलं. लहानपणी या गोष्टींना आम्ही घाबरायचो ते त्यांच्या शिस्तीमुळे. पिंपळ टाळला की मुंजा टळतो, एवढा भरवसा असेल तरच पिंपळाची भीती वाटते. भूत कुठेही, केव्हाही, कशासाठीही येऊ लागलं, की ते भूत राहत नाही, फेरीवाला होतो.

तर अशा या काकी रोज आमच्याकडे यायच्या. पहिले काही महिने गप्प बसून बघायच्या. मग हळूहळू दारामागे सावली, विहिरीवर कुणीतरी, कपाटात काहीतरी, गच्चीवर आणखी कुणीतरी असं सुरू झालं आणि प्रत्येक सावलीनंतर जाहिरात. दुसऱ्या दिवशी त्या सावलीचा कुणाला पत्ता नाही. मालिकेत पांडू नावाचं एक विसराळू पात्र होतं, त्याचं "इसारलंय" महाराष्ट्रभर गाजलं. ती भूमिका करत होते प्रल्हाद कुडतरकर आणि तेच मालिकेच्या लेखकांपैकी एक होते. काम झकासच करायचे, त्याबद्दल वाद नाही. पण लेखकानंच विसराळू माणसाचं काम करावं, हा योगायोग मला सूचक वाटत आला आहे. एका रात्री काकी पदर सावरत म्हणाल्या, "ह्यां भूत आमच्या गावचां नाय हां. ह्यां पगारी दिसता."

ऑक्टोबर २०१६ मध्ये मालिका संपली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या चार घरांत चार वेगवेगळे निष्कर्ष निघाले.

आता न्यायानं बोलायचं तर जानेवारी २०१९ मध्ये आलेलं दुसरं पर्व बरंच बांधेसूद होतं. त्यात अण्णा नाईकांच्या हयातीतली कथा सांगितली होती. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. ते पर्व उभं राहिलं त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे: शेवटची शिल्लक आधीच ठरलेली होती. अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक. शिल्लक पक्की असली की मधल्या नोंदी फार भरकटत नाहीत. पण हेच यश अंगाशी आलं. अण्णा लोकांना आवडले. इतके आवडले, की पोरं त्यांची चित्रं मोबाइलवर एकमेकांना पाठवू लागली. मार्च २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं, रात्री अकराला, तेव्हा अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परत हजर. मध्येच करोनानं चित्रीकरण थांबलं, त्याचा दोष कुणाला देत नाही. शेवंताचं काम करणारी नटी बदलली, त्यालाही माझी हरकत नाही. तेच भूत वेगळ्या देहात, याला तर शास्त्राधार आहे. माझी तक्रार निराळी आहे. ज्याला बघून टाळ्या पडतात त्याला कोण घाबरणार? आमच्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी अण्णा दिसले की "आले, आले!" म्हणून उड्या मारायची. मरणानंतरही माणूस कामावर रुजू होणार असेल, तर मरणाला काही किंमत उरत नाही, आणि मरणाला किंमत नसेल तर भुताला कुठून येणार?

हे दुखणं आपलंच आहे असं मात्र समजू नका. 'गेम ऑफ थ्रोन्स' या परदेशी मालिकेत राजे, ड्रॅगन, मेलेल्यांच्या फौजा असं भरगच्च प्रकरण होतं. २०११ ते २०१९, आठ पर्वं, ७३ भाग. मूळ कादंबऱ्या जॉर्ज मार्टिन यांच्या. पाचवी २०११ मध्ये आली आणि सहावी अजून यायची आहे. पुस्तकं होती तोवर मालिका चोख चालली. पुस्तकं संपली आणि पुढचं लेखन उचलीवर सुरू झालं. शेवटचं पर्व आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला मोबाइलवर दिसायचं. माझा भाचा ठाण्याला असतो. लढाईच्या मोठ्या भागासाठी तो आदल्या रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला आला. तारीख २९ एप्रिल २०१९. ठाणे आणि कल्याण मतदारसंघांत त्याच दिवशी लोकसभेचं मतदान, त्यामुळे बँकेला सुट्टी. मेलेल्यांची फौज येणार, लांबलचक हिवाळा येणार, अशी आठ वर्षं दवंडी पिटली होती. त्या लढाईचं चित्रीकरण म्हणे ५५ रात्री चाललं होतं. आणि पडद्यावर काय दिसलं? काळोख. दीड तासाला थोडा कमी एवढा वेळ निव्वळ काळोख! डोंबिवलीकरांनी भारनियमनात असा काळोख वर्षानुवर्षं पाहिला आहे, आणि त्याला ५५ रात्री लागत नाहीत. शेवटी एका मुलीनं सुरा खुपसला आणि सगळी फौज काचेसारखी फुटून गेली. आठ वर्षांचा हिवाळा एका रात्रीत संपला. भाचा कुणाशी न बोलता ठाण्याला मत द्यायला निघून गेला.

पुढच्या सोमवारी त्या मालिकेत राजवाड्यातल्या मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी पेला राहिलेला दिसला. १५ लाखांहून जास्त लोकांनी सह्या करून मागणी केली, की शेवटचं पर्व जाणत्या लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या. मिळालं काहीच नाही. पण डोकं बाजूला न ठेवणारे जगात इतके आहेत, हे वाचून मला आमच्या संघटनेचं अधिवेशन भरल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे ताणतात, तिकडे उरकतात, एवढाच फरक. दोन्हीकडे रोग एक: खातं उघडताना ते कसं मिटवायचं हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे तर ते ठाऊक असूनही उपयोग नाही, कारण प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात आणि कोण जगणार, कोण मरणार हे त्या आकड्यांवर ठरतं. बिचाऱ्या लेखकाला उद्याचा भाग आज द्यायचा असतो. त्याची मला दया येते. पण दया आली म्हणून आम्ही थकलेलं कर्ज वसूल झालं असं दाखवत नाही. नव्वद दिवस हप्ता चुकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते बुडीतच्या वाटेला लागलेलं धरतात. इथे तीन पर्वं हप्ता नाही आणि वर आम्हांलाच सांगतात, तुम्ही हप्ता मागता म्हणजे तुम्हांला करमणूक कळत नाही!

मराठी माणसाला हे जमत नाही म्हणावं तर नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी आमच्या झोपा उडवल्या त्या पंधरा-वीस पानांत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. दोन्ही लोकलच्या अंतरावर. मालिका लिहिणाऱ्यानं एक दुपार तिथे काढावी. धारपांच्या गोष्टीत पहिल्या पानावर दार किरकिरलं, तर ते का किरकिरलं हे शेवटी कळतंच, आणि कळल्यावर भीती दुप्पट होते. पुस्तक मिटलं तरी दार मिटत नाही.

आणि हा अर्धा तास आमचा काय लायकीचा असतो, तेही कुणीतरी लक्षात घ्यावं. पहाटे पाणी भरायचं, सातच्या सुमाराला गाडीत शिरायचं, संध्याकाळी तसंच लोंबकळत परत यायचं. चोवीस तासांत खऱ्या अर्थानं आमच्या नावावर असलेली ही एवढीच ठेव. काकींची तर त्याहून जुनी ठेव त्यात होती. त्यांच्या नातवाला आता देवचार ठाऊक नाही. त्याला अण्णा नाईक ठाऊक आहेत. काकी गोष्ट सांगायला बसल्या की तो विचारतो, "मग परत कधी येतो तो?" परत येत नाही म्हटलं की त्याचा विश्वास बसत नाही.

माझी मागणी माफक आहे. प्रत्येक अद्भुत मालिकेला एक ऑडिटर नेमावा. पगार नको, चहा पुरे. उमेदवार आमच्या शेजारीच आहे. काकींनी तिन्ही पर्वांतल्या न मिटलेल्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दूधवाल्याच्या हिशेबाखाली, पेन्सिलीनं लिहून ठेवल्या आहेत. सतरा आहेत. दूधवाल्याचा हिशेब दर महिन्याला खोडला जातो. खालच्या सतरा ओळी तशाच आहेत आणि त्याखाली काकींनी चार बोटं जागा कोरी सोडली आहे, चौथं पर्व आलंच तर असावी म्हणून.