पेटी विकत घेतली, ठेव नव्हे

चैत्री पौर्णिमा आली की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या दर्शनासाठी डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागते. मुसळ्या डोंगराच्या माथ्यावर ध्वज चढतो आणि पुढचे पंधरा दिवस पायथ्याशी यात्रेचा बाजार भरतो. या दिवसांत आमच्यासारख्या कीर्तनकारास लक्ष्मीचे आख्यान लावण्याचा आग्रह होतो. आजच्या या यात्रा-विशेष पानावर मात्र आम्हांस आख्यान लावावयाचे नाही. गेल्या वर्षी याच यात्रेत, कीर्तनाच्या गादीजवळ उभे राहून, आम्ही एका प्रश्नाचे उत्तर चुकीचे दिले. जे चारचौघांत चुकले ते चारचौघांतच दुरुस्त केले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरती झाली होती. नमस्कारास आलेल्यांत तलासरीकडच्या एका पाड्यावरची, चिकूच्या वाडीत मजुरी करणारी एक बाई होती. तिने भंगारवाल्याकडून पत्र्याची एक जुनी पेटी चारशे रुपयांना घेतली होती. घरी नेऊन पेटी धुण्यासाठी तळाचा कागद उचलला, तो खाली फडक्यात बांधलेली पुरचुंडी निघाली. तीत पाचशेच्या चोवीस नोटा आणि लहान मुलाच्या पायातला चांदीचा एकच वाळा होता. तिने विचारले, “बुवा, हे पैसे माझे का?”

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “बाई, यात्रेच्या दिवसांत घरी चालत आलेली लक्ष्मी परतवू नये.” भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. ती बाई काही बोलली नाही. नमस्कार करून निघून गेली.

त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली, आणि जे आख्यान आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो तेच आमच्यासमोर उभे राहिले. कथेकऱ्यांच्या परंपरेत ही कथा फार जुनी आहे. धर्मराजाकडे दोघे तंटा घेऊन येतात. एकाने दुसऱ्याकडून शेत विकत घेतलेले असते आणि नांगरताना त्यात धनाचा हंडा लागलेला असतो. घेणारा म्हणतो, मी शेत घेतले, हंडा घेतला नाही, हा तुझा. विकणारा म्हणतो, शेत दिले तेव्हा त्यातले सारे दिले, हा तुझाच. निवाडा काही काळ पुढे ढकलला जातो. मुदतीनंतर तेच दोघे पुन्हा येतात, आणि आता प्रत्येक जण म्हणत असतो, हंडा माझा! मधल्या काळात कलीचा प्रवेश झालेला असतो. इस्लामी परंपरेतील हदीसांतही अशीच एक गोष्ट आहे. तेथे जमीन घेणारा आणि विकणारा दोघेही सोन्याचे भांडे नाकारतात, आणि न्याय करणारा दोघांच्या मुलामुलीचे लग्न लावून ते धन त्यांच्यावर खर्च करावयास सांगतो. धर्म निराळे आणि देश निराळे, परंतु विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटात निघालेले धन हा माणसाच्या कसोटीचा प्रसंग आहे, हे दोन्हीकडे ओळखलेले दिसते. ही कथा सांगून आम्ही आजवर श्रोत्यांकडून टाळ्या घेतल्या. आणि खरी पेटी समोर आली तेव्हा कलीची बाजू आम्हीच मांडली.

व्यवहाराच्या अंगाने पाहिले तरी आमचे उत्तर टिकत नाही. खरेदी म्हणजे काय? घेणारा आणि देणारा यांच्या मनात जी वस्तू असते, तिच्याविषयी ठरलेला करार. चारशे रुपयांत भंगारवाल्याने पेटी विकली. पुरचुंडी त्याला ठाऊकच नव्हती, आणि ठाऊक नसलेली वस्तू कोणी विकू शकत नाही. शिवाय ती त्याची नव्हतीच. आमच्या धर्मशास्त्रकारांनी विवादाची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘अस्वामिविक्रय’ हे एक स्वतंत्र पद आहे. मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीने घेणाऱ्यास मालकी मिळत नाही, असे त्याचे तात्पर्य. मग जिची विक्रीच झाली नाही, त्या पुरचुंडीची मालकी त्या बाईकडे कोणत्या वाटेने यावी?

येथे एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या बाजारात कवडीमोलाने घेतलेला ग्रंथ दुर्मिळ निघाला, किंवा काळवंडलेली समई घासल्यावर उत्तम पंचधातूची ठरली, तर तो लाभ घेणाऱ्याचाच होय. तेथे जी वस्तू विकली तीच हाती आली. केवळ तिचे मोल उशिरा कळले. ग्रंथाच्या पानांत दडवलेली नोट ही त्या ग्रंथाचा भाग नव्हे. ती कोणाची तरी ठेव आहे.

कायदाही हेच सांगतो. इंग्लंडात १८४१ साली एका खटल्यात नेमका हा प्रश्न उभा राहिला. जाहीर लिलावात एकाने लिहिण्याचे जुने मेज घेतले, त्याच्या चोरकप्प्यात पैशांची पिशवी निघाली आणि ती त्याने ठेवून घेतली. मेज विकले म्हणजे आतील पैसे विकले असे होत नाही, आणि तसे समजण्यास वाजवी कारण नसता ते ठेवून घेणे चोरी ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याने सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकली आहे. मालक माहीत असता, किंवा वाजवी प्रयत्नाने सापडण्याजोगा असता, वस्तू लबाडीने आपलीशी करणे हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता. २०२४ च्या जुलैपासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. सापडताक्षणी कोणी गुन्हेगार होत नाही. शोध न घेता ‘माझे’ म्हणणे हा गुन्हा होय.

धर्मशास्त्राची भूमिका याहून सूक्ष्म आहे. मालक न कळलेले धन राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, असे मनू म्हणतो. याज्ञवल्क्य एक वर्षाची मुदत सांगतो. हक्क सांगावयास येणाऱ्याने त्या धनाचे रूप आणि संख्या सांगितली पाहिजे. ती खोटी ठरली तर दंड. खरी ठरली तर धन त्याचे, आणि सांभाळण्याबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा. जमिनीत सापडलेला निधी विद्वान ब्राह्मणाने संपूर्ण घ्यावा, अशीही सवलत मनूने दिली आहे. ग्रंथ वाचून पोट भरणाऱ्या आम्हांस ती सवलत ठाऊक आहे, आणि ती आम्हांस मान्य नाही, हेही येथेच सांगून टाकतो. विद्येने सापडलेल्या धनावरचा हक्क वाढत नाही. विचारपूस करण्याची जबाबदारी तेवढी वाढते.

येथे वाचक विचारतील, “बुवा, हे सारे पोट भरलेल्याने सांगण्याचे शास्त्र. बारा हजार रुपये म्हणजे त्या बाईची कित्येक दिवसांची मजुरी. ज्याने पेटी भंगारात काढली त्याला त्या पैशांची काय पर्वा?” हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. या दोन तालुक्यांत तर मुळीच नाही. येथील वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या वह्यांत कशा गेल्या आणि वेठीवर माणसे कशी राबवली गेली, हे १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी भरलेल्या सभेने आणि त्यानंतरच्या लढ्याने जगासमोर आणले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत आहे. ज्यांचे डोळ्यांदेखत नेले गेले, त्यांनाच सापडलेले परत करण्याचा उपदेश करताना आमची जीभ अडखळते.

परंतु पेटीत पैसे ठेवणारा श्रीमंतच असेल, हे कशावरून? बँकेत पैसे असणारा माणूस पत्र्याच्या पेटीत कागदाखाली पुरचुंडी लपवीत नाही. तेथे लपवते ती मुलासुनांच्या नजरेपासून चार पैसे राखणारी म्हातारी, दारूड्या नवऱ्यापासून संसार वाचवणारी बाई, औषधपाण्यासाठी जपून ठेवणारा म्हातारा. माणूस आजारी पडतो किंवा त्याची स्मृती जाते, आणि घरची मंडळी दिवाळीच्या आवराआवरीत पेटी भंगारात देतात. नोटा २०१६ नंतरच्या नव्या होत्या. म्हणजे ठेवणारा हात फार जुन्या काळातला नव्हता. आणि तो एकटा वाळा? तो तर सरळच सांगत होता की ही लक्ष्मी वाट चुकून आलेली नाही. ती कोणा आईने बांधून ठेवलेली आहे.

दुसरी अडचण भीतीची. गरीब माणूस सापडलेले धन घेऊन चावडीवर गेला तर पहिला प्रश्न येतो, “तुझ्याकडे आले कोठून?” कालिदासाने हे ओळखले होते. ‘शाकुंतला’तील धीवर माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रेची अंगठी विकावयास काढतो आणि शिपाई त्याला बांधून, मारझोड करीत नेतात. राजा अंगठीच्या मोलाइतके बक्षीस देतो तेव्हा त्यातले अर्धे त्या शिपायांनाच द्यावे लागते. डहाणूच्या किनाऱ्यावरील आमच्या कोळी बांधवांस ही गोष्ट सांगितली की ते हसतात; परंतु त्या हसण्यात ओळखीचे दुःख असते. प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने प्रामाणिक माणसाला चोर न समजण्याची हमी आधी दिली पाहिजे. पुण्यात कचरावेचक भगिनींनी कचऱ्यात सापडलेले दागिने आणि रोकड मालकाला परत केल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. त्यांचे कौतुक होते. पण त्याच भगिनीला दुसऱ्या दिवशी इमारतीच्या दारात पहारेकरी संशयाने अडवतो, याची बातमी होत नाही.

आता त्या बाईचे काय झाले ते सांगतो. यात्रा संपण्याआधी आम्ही विचारपूस करून तिचा पाडा गाठला. आम्ही आमची चूक कबूल केली. ती उठली आणि पुरचुंडी जशीच्या तशी पुढे ठेवली. एकही नोट खर्च झालेली नव्हती. ती म्हणाली, “तुम्ही लक्ष्मी म्हणालात. पण लक्ष्मीच्या पायात एकच वाळा कसा?” गावच्या पोलीस पाटलांना सांगून, त्यांच्यासमोर नोटा मोजून आम्ही कागद केला आणि मग भंगारवाल्याकडे गेलो. रकमेचा उच्चार न करता एवढेच विचारले की ही पेटी कोठून आली. त्या आठवड्यात त्याने तीन घरांतून पेट्या उचलल्या होत्या. पहिल्या दोन घरांत पैशांचे नाव काढताच “किती होते?” असा प्रश्न आला. तिसऱ्या घरी खाटेवर बसलेल्या म्हातारीने पैशांविषयी काही विचारले नाही. ती म्हणाली, “वाळा आहे का त्यात?” जोडीतला दुसरा तिच्या उशाखाली होता. मनूने सांगितलेली रूपाची खूण ती हीच.

त्या म्हातारीने दोन हजार रुपये त्या बाईपुढे केले. बाईने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “घ्या. सांभाळणाऱ्याचा सहावा हिस्सा शास्त्रात राजाला सांगितला आहे. येथे सांभाळले तुम्ही.” तिने ते घेतले. ज्यांस हे बक्षीस घेणे उणेपणाचे वाटते, त्यांनी सापडलेले परत करण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून पाहावी.

दर वेळी दुसरा वाळा सापडेलच असे नाही. तरी वाट एवढीच आहे. दोन साक्षीदारांसमोर मोजावे. रक्कम गुप्त ठेवून वस्तू कोठून आली याचा माग घ्यावा. हक्क सांगणाऱ्यास खूण विचारावी. रक्कम मोठी असेल तर पोलिसांत देऊन पोच घ्यावी. पुष्कळ शोधूनही मालक न मिळाल्यास आमच्या मते त्या धनातून शोधाचा खर्च वजा करून उरलेले कोणाच्या औषधाला, कोणाच्या शाळेला द्यावे. जमीन किंवा पाया खणताना लागलेल्या धनासाठी १८७८ चा स्वतंत्र कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते.

तलासरीच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर संजाण आहे. तेथील राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या शके ७९३ च्या ताम्रपटात, प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने आपले बोट महालक्ष्मीस अर्पण केल्याचा उल्लेख आहे. आपल्यापुढे एवढी मोठी मागणी नाही. दुसऱ्याच्या पुरचुंडीवरून बोटे तेवढी काढून घ्यावयाची आहेत.

आमच्या महालक्ष्मीविषयी सांगतात की गड चढू न शकणाऱ्या भक्तासाठी ती डोंगरावरून पायथ्याशी आली. ती उजळ माथ्याने आली, कोणाच्या पेटीत लपून आली नाही. यापुढे कीर्तनाच्या गादीजवळ कोणी हा प्रश्न विचारला, तर आम्ही एवढेच म्हणू : पेटी तुझी, पुरचुंडी कोणाची ते आधी विचारून ये.