खाचरात पाय न भिजवता केलेला हिशेब



हवा तापवणाऱ्या वायूंचा देशाचा हिशेब सरकार संयुक्त राष्ट्रांकडे धाडते. त्यात आपली भातखाचरे आणि गाईम्हशीही मांडलेल्या असतात. त्यांतून मिथेन निघतो, हे खोटे नाही. पण किती?

१९९० साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने परदेशी शेतांवरच्या मोजणीवरून भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन टाकले. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी खाचरांत पेट्या ठेवून वायू मोजला. भरला सुमारे ४० लाख टन! सावकाराच्या वहीतही एवढे शून्य चढत नसे.

म्हणून हिशेब नको, असे आम्ही म्हणत नाही. उलट वर्षानुवर्षांचा हिशेबच आपली बाजू मांडतो. १९९४ साली देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा शंभरात अठ्ठावीस होता. २०२० साली तो चौदाच्या आत आला. बेरीज मात्र दुपटीहून वाढली, ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून.

खाचरात पाणी सोडून-तोडून भात घ्या, मिथेन घटेल, हा सल्ला आम्हाला मान्य आहे. त्यासाठी हवे तेव्हा पाणी आणि पंपाला वीज द्या. आणि आपल्या जिल्ह्यातली कोणती खाचरे मोजली, ते सभेत वाचून दाखवा.