झाड तोडले, पण बुडख्याचे काय?

भिवंडीच्या भोवती काल्हेर, पूर्णा, दापोडे या बाजूंना भातखाचरांवर भराव पडून गोदामे आणि घरे उभी राहिली. गोदामांची गोष्ट बाजूला ठेवू. त्यांचे मालक इंजिनिअर नेमू शकतात. आज बोलायचे आहे ते लहानशा प्लॉटवर जन्मभराची पुंजी घालून घर बांधणाऱ्या माणसाविषयी. त्याच्या प्लॉटवर एखादी जुनी चिंच असते, बांधावर शिरीष असतो. झाड तोडायचे ठरते, कुऱ्हाड आणि करवत चालते, खोड व फांद्या टेम्पोत भरून जातात आणि जमिनीलगत बुडखा तेवढा उरतो. त्याचे करायचे काय हा प्रश्न तेव्हा कुठे प्रथमच पडतो. उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘टाका त्यावर मुरूम, दिसेनासा होईल.’

विद्यार्थी मित्रांनो, माझे मत असे की बुडख्याचा विचार झाडाला पहिला घाव घालण्यापूर्वीच झाला पाहिजे. तो नंतर केला, तर मजूर, मालक आणि घर या तिघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

प्रथम पुरलेल्या बुडख्याचे काय होते ते पाहू. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. यांपैकी एक जरी नसेल तर लाकूड फार काळ टिकते. व्हेनिस शहरातील इमारतींखालचे लाकडी खुंट चिखलपाण्यात शतकानुशतके टिकले, कारण तेथे हवा फारच कमी पोचते. आपल्याकडची स्थिती नेमकी उलट आहे. पावसाळ्यात जमीन पाण्याने तुडुंब होते आणि एप्रिल-मे महिन्यांत खाचराच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओलही मिळते आणि हवाही मिळते. बुरशीला आणि वाळवीला याहून चांगले घर कोणते?

आता थोडे गणित करू. १० सेंटिमीटर व्यासाचे आणि २ मीटर लांबीचे एक मूळ घ्या. त्याचे घनफळ सुमारे १६ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. हे मूळ कुजले की फरशीखाली जवळजवळ एक बादलीभर पोकळी तयार होते. एका मोठ्या झाडाला अशी किती मुळे असतात, आणि बुडखा स्वतः केवढा असतो! शिवाय बहुतेक झाडांची बरीचशी मुळे वरच्या मीटरभर मातीतच, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. घराचे कॉलम कठीण मुरुमापर्यंत गेलेले असतील तर घर पडणार नाही, हे खरे. परंतु फरशी खचते, सांडपाण्याचा पाइप मधेच वाकतो, कंपाउंडची भिंत कलते. भिवंडीत यात आणखी एक भर पडते. अनेक ठिकाणी खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात. तांदळाचे मापटे हलवले की तांदूळ खाली बसतो, तसाच मागांच्या कंपनांनी सैल भराव बसत जातो. पोकळी असेल तर मग विचारायलाच नको.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाच्या नियमांत म्हटले आहे की झाडांची मुळे जमिनीखाली निदान ६० सेंटिमीटरपर्यंत काढावीत आणि खड्डे माती भरून ठोकून घ्यावेत. भराव २० सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांत घालावा, असेही तेथे सांगितले आहे. नियम साधे आहेत. पण खाजगी कामावर ते वाचतो कोण?

आता बुडखा काढण्याविषयी. माझी खरी तक्रार येथेच आहे. झाड जमिनीलगत कापणे म्हणजे हातातली तरफ आपणच टेम्पोत भरून पाठवणे. समजा, खोड ३ मीटर उंचीवर कापले आणि २.५ मीटरवर दोर बांधून ५०० किलोग्रॅम-भार एवढ्या बलाने आडवे ओढले. टेकू जमिनीच्या पातळीवर आहे असे धरू. बल आणि टेकूपासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. ते येथे १२५० झाले. आता खोड ३० सेंटिमीटरवर कापले असते, तर तेवढेच आघूर्ण मिळवायला बल किती लागेल? १२५० भागिले ०.३, म्हणजे चार हजार किलोग्रॅम-भाराहूनही अधिक! जे काम एक चेनकप्पी आणि चार माणसे करतील, त्यासाठी मग जेसीबी बोलवावा लागतो.

अर्थात आधी बुडख्याभोवती चर खणून आडवी मुळे तोडायला हवीत. ती तशीच ठेवून नुसते ओढत बसण्यात शक्ती वाया जाते. दोरही लांब हवा. दोराचे दुसरे टोक खोडापासून २.५ मीटरवरच जमिनीलगत बांधले तर दोर ४५ अंशांनी तिरका होतो. ओढीचा सुमारे ७० टक्केच भाग आडवा कामी येतो आणि उरलेली ओढ बुडख्याला उलट खाली दाबते. तेच टोक १० मीटरवर नेले तर सुमारे ९७ टक्के भाग कामी येतो.

आणि ते टोक बांधायचे कशाला? न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही पाठ केला आहे. बुडख्याला ५०० ची ओढ बसते, तेव्हा दुसऱ्या टोकालाही तेवढीच बसते. शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या खांबाला दोर बांधणारे लोक हा नियम विसरतात. ताणलेल्या दोरात ऊर्जा साठलेली असते, विशेषतः नायलॉनच्या दोरात, कारण तो अधिक ताणला जातो. असा दोर तुटला की त्याचे टोक चाबकासारखे येते. म्हणून ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभे राहता कामा नये आणि मुलांनी तर तेथे फिरकूच नये.

बुडखा जाळणे किंवा त्यात जळके इंजिन ऑइल ओतणे हे प्रकार मला अजिबात पसंत नाहीत. कोरड्या मुळातून आग आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहू शकते, आणि आपल्या गावात शेजारी सुताचा कचरा कोठे पडलेला असेल याचा नेम नाही. तेल तर जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जाते. बुडख्याचा भुसा करणारी यंत्रे आता मिळतात. ती चांगली आहेत, पण मुळे जमिनीतच राहतात. आणि खड्ड्यातला भुसा तसाच ठेवला तर तोही कुजून बसतोच.

घाईबद्दलही एक शब्द. मोठे झाड चिकणमातीतले पाणी सतत शोषत असते. ते गेले की माती पुन्हा ओल धरते आणि फुगते, आणि हे एका दिवसात होत नाही. मे महिन्यात बुडखा काढून जूनच्या आत जोते बांधून टाकण्याची धावपळ मला म्हणूनच पटत नाही. चिकणमातीच्या जागेवर खड्डा थराथराने ठोकून भरावा आणि निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

‘मग प्लॉटवरचे प्रत्येक मूळ खणून काढायचे का?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. जेथे जोते, पाइप किंवा भिंत येणार तेथलीच मुळे काढावीत. कामवारी नदीच्या काठच्या उतारावर तर बुडखा जागच्या जागी ठेवणेच शहाणपणाचे; तेथे मुळे माती धरून ठेवतात. झाडच कोपऱ्यात असेल तर नकाशा चार हात सरकवणे पुष्कळदा बुडखा काढण्यापेक्षा स्वस्त पडते. शिवाय शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही आपल्या बांधावरचीच झाडे आहेत.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. कुंडीत ओली माती ठोकून भरा आणि तीत एक काठी १५ सेंटिमीटर खोल रोवा. मातीपासून ५, १० आणि २० सेंटिमीटर उंचीवर ताणकाटा अडकवून काठी आडवी ओढा आणि ती कलू लागते तेव्हाचे बल लिहून ठेवा. दर वेळी माती पुन्हा सारखीच ठोकून घ्या. बल आणि उंची यांचा गुणाकार तिन्ही वेळा अगदी सारखा येणार नाही, कारण खरा टेकू मातीच्या पृष्ठभागावर नसून थोडा खाली असतो. तो किती खाली असेल, हे मुलांना त्या आकड्यांवरूनच काढायला सांगा.