लकव्याचे घड्याळ घरातच सुरू होते

लकवा, फालिज, अर्धांगवायू, पक्षाघात. आपल्या घरांत या आजाराला नावे अनेक, पण समजूत एकच: झटका यायचा तो आला, आता मालिश, सेवा आणि सब्र. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपर्यंत ही समजूत बरीचशी खरी होती. रक्ताची गुठळी अडकून आलेल्या झटक्यावर त्या घडीला देण्यासारखे डॉक्टरांकडेही फारसे काही नव्हते. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळवणारे औषध झटक्यानंतर तीन तासांच्या आत शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेल्या रुग्णांची संख्या वाढते, हे त्यात दिसले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

म्हणजे इलाज आहे, पण त्याला मुदत आहे. ही मुदत रुग्णालयाच्या दारात नव्हे, आपल्या घरात सुरू होते आणि बहुतेक वेळा घरातच संपते. इगतपुरीसारख्या घाटमाथ्याच्या गावातील कुटुंबाने ती कशी गाठायची, हा या महिन्याचा विषय.

बंद पडलेली नळी की फुटलेली नळी?

मेंदूचा झटका दोन तऱ्हांनी येतो. एकात रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत लीलावती रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. प्रफुल्ल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ठरावीक वस्तीतील झटक्यांची पद्धतशीर नोंद ठेवली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण सापडले. त्यांपैकी ३६६ जणांची रक्तवाहिनी बंद झाली होती, ८१ जणांना रक्तस्राव झाला होता. सरासरी वय ६६ होते. २८ दिवसांच्या आत शंभरातले जवळपास ३० रुग्ण दगावले.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. दहापैकी आठ झटके गुठळीचे असतात, म्हणजे वेळेवर पोहोचल्यास औषध चालण्याची शक्यता असलेले. पण बाहेरून दोन्ही झटके सारखेच दिसतात. तोंड दोन्हींत वाकडे होते, हात दोन्हींत लुळा पडतो. फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. म्हणून स्कॅनआधी घरी ॲस्पिरिन देऊ नये; झटका रक्तस्रावाचा असला तर तीच गोळी घात करील.

गुठळीच्या झटक्यात मेंदूचा थोडा भाग लगेच मरतो. त्याच्या भोवतीचा मोठा भाग उपाशी असतो, पण जिवंत असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. इलाज असतो तो या उपाशी भागासाठी. मेलेला भाग परत येत नाही.

शंभरातले दहा, मग पाच, मग दोन

या औषधाच्या नऊ मोठ्या चाचण्यांतील ६,७५६ रुग्णांची माहिती २०१४ मध्ये एकत्र तपासली गेली. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या दर शंभरांपैकी ३३ जण पुढे जवळपास पूर्ववत झाले. औषध न मिळालेल्यांत २३ जण. म्हणजे शंभरात दहा माणसे जास्त. तीन ते साडेचार तासांत औषध दिले तेव्हा ही बढत पाचावर आली. त्यानंतर ती दोनाच्या आसपास उरली. औषध तेच, माणसेही तशीच. फक्त उशीर वाढत गेला.

औषधाला धोकाही आहे. ते घेतलेल्या शंभरांपैकी सहा-सात जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत एखाद्याला. डॉक्टर सही मागतात ती यासाठीच. अशा वेळी मोठ्या भावाला फोन, मामूंना फोन, ‘उद्या सकाळी बघू’ असे सुरू होते आणि पाऊण तास निघून जातो. वरच्या ३३ आणि २३ या आकड्यांत रक्तस्रावाचे नुकसान आधीच धरलेले आहे, हे माहीत असेल तर निर्णय सोपा जातो. अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णाला हे औषध चालत नाही. ते डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टर हो म्हणाल्यावर घरच्यांनी वेळ काढू नये.

पारव्याच्या रक्ताला यश का मिळते?

आता त्या २३ जणांकडे पाहा. त्यांना औषध मिळाले नाही, तरी ते सावरले. काहींची गुठळी आपसूक विरघळते, काहींचा झटका लहान असतो, काहींच्या मेंदूचा शेजारचा भाग काम उचलतो. यांतल्या कुणाला घरच्यांनी पारव्याचे रक्त चोळले असेल, कुणाला विशिष्ट तेल लावले असेल, कुणाच्या गळ्यात तावीज बांधला असेल. माणूस चालू लागला की मोहल्ला म्हणतो, गुण आला! उरलेल्या ७७ जणांनाही तेच रक्त चोळले होते, हे कुणी सांगत नाही.

भर पडते ती नुसत्या चेहऱ्याच्या लकव्याची. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडे होते, पण हातपाय शाबूत राहतात. हा आजार वेगळा आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बरा होणारा. त्याचेही श्रेय तेलाला जाते. मात्र तोंड वाकडे दिसल्यावर तो कोणता लकवा, हे घरी ठरवायचे नाही.

वैद्यकीय चाचणीत सारख्या रुग्णांचे दोन गट करून एकालाच औषध देतात, ते याचसाठी. आपोआप बरे होणारे दोन्ही गटांत सारखेच असतात. वर जे दिसते तेवढेच औषधाचे. दुआला कुणाचीच हरकत नाही. ती गाडीत बसूनही करता येते.

इगतपुरीचा हिशेब

इगतपुरीहून नाशिक सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचा प्रवास. पावसाळ्यात धुके आणि अवजड वाहनांमुळे जास्त. रुग्णालयात तपासणी, साखर, सीटी स्कॅन, सही आणि इंजेक्शन यांसाठी चांगल्या ठिकाणीही तासभर धरावा. वाहन मिळायला अर्धा तास. हे अडीच तास झाले. साडेचारातून ते वजा केले की घरच्यांच्या हातात दोन तास उरतात. तीन तासांतला मोठा फायदा हवा असेल तर जेमतेम अर्धा तास!

या अर्ध्या तासात आपण काय करतो? पाय चोळतो, साखरपाणी देतो, घरातले पुरुष कामावरून येण्याची वाट पाहतो, जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. झटका हेच तिथल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण निघाले आणि झटक्याने गेलेल्या शंभरांपैकी ८७ जण घरीच वारले. गडचिरोलीतील जंगलातली गावे दूर आहेत. इगतपुरीला महामार्ग आहे, रेल्वे आहे. अंतर ही आपली खरी अडचण नाही.

ओळखा आणि निघा

चार गोष्टी पाहा. हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात वर धरायला सांगा: एक खाली येतो का? एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा: बोबडे किंवा असंबद्ध येते का? एकही ‘हो’ असेल तर चौथी गोष्ट, वेळ. अचानक तोल जाणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे हीसुद्धा खूण आहे.

रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहा. डॉक्टर घड्याळ तिथूनच मोजतात. यात आपल्या घरांना एक सोय आहे. ‘असर पढून आले तेव्हा ठीक होते, मगरिबला वजू करताना लोटा हातातून पडला’ असे सांगता येते. फजरला उठताना लक्षणे दिसली तर तहज्जुदला किंवा इशानंतर पाहिलेली वेळ सांगा. झोपेत झटका आला म्हणून आशा सोडू नका. २०१८ च्या एका चाचणीत एमआरआयच्या मदतीने अशा काही रुग्णांनाही औषधाचा उपयोग झाला.

१०८ ला फोन करून ‘लकव्याचा झटका आला आहे’ असे स्पष्ट सांगा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. घरची किंवा शेजाऱ्याची गाडी लवकर मिळत असेल तर तीच घ्या. फोन करायला सुनेला, मुलीला कुणाच्या परवानगीची वाट पाहायला लावू नका. अनेक घरांत दुपारी अब्बांजवळ किंवा दादींजवळ त्याच असतात.

तोंडात पाणी, मध, झमझम काहीही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि ते फुप्फुसात उतरते. रक्तदाबाची जादा गोळी देऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. चालू औषधांची पिशवी, आधार कार्ड आणि शिधापत्रिका सोबत घ्या. सरकारी योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते, पण ती इलाज सुरू झाल्यावर.

साडेचार तास उलटले म्हणून घरी थांबायचे असेही नाही. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी बारीक नळीने ओढून काढता येते. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत सहा ते चोवीस तासांदरम्यान हा उपचार झालेल्या निवडक रुग्णांत शंभरांपैकी ४९ जण पुढे स्वतःचे स्वतः करू शकले. इतर गटात १३. ही सोय सगळीकडे नाही आणि प्रत्येक रुग्णाला ती लागूही होत नाही. पण आधी नाशिकला पोहोचलेल्या माणसालाच पुढचा रस्ता दाखवता येतो.

हातपाय पंधरा मिनिटांत पूर्ववत झाले, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो. ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासात अशा रुग्णांवर आणि सौम्य झटका आलेल्यांवर तातडीने उपचार सुरू केले, तेव्हा तीन महिन्यांतील पुन्हा झटक्याचे प्रमाण शंभरात दहावरून दोनावर आले.

नंतरची सेवा, आधीची काळजी

झटक्यानंतर घरचे जिवापाड सेवा करतात. पण सेवेला तज्ज्ञाची जोड लागते. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नातेवाइकांना घरी व्यायाम करून घ्यायला शिकवले गेले. सहा महिन्यांनी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावले होते किंवा परावलंबी होते. याचा अर्थ सेवा वाया गेली असा नाही. घरच्यांना थोडेसे शिकवून फिजिओथेरपिस्टची जागा भरत नाही, एवढाच आहे. तेव्हा ‘आम्ही घरीच करून घेऊ’ म्हणून तारखा चुकवू नका.

आणि मुळात झटका येऊ नये म्हणून? ३२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांच्या, भारतही सामील असलेल्या २०१६ च्या अभ्यासानुसार दर दहांतील नऊ झटक्यांचा संबंध बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींशी आहे: उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, व्यायामाचा अभाव, चरबी, हृदयविकार, ताण आणि दारू. रक्तदाबाचा वाटा एकट्याचा जवळपास निम्मा. तो दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. ‘आता बरे वाटते’ हे गोळी बंद करण्याचे कारण नव्हे. गोळी चालू आहे म्हणूनच बरे वाटते.

रमजानमध्ये हा प्रश्न जास्त येतो. रक्तदाब, मधुमेह किंवा पूर्वीचा झटका असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. अनेकांच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात. ज्यांना रोजा झेपणार नाही, त्या आजाऱ्यांना कुरआननेच सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. लपूनछपून गोळी बंद करणे मात्र घातक.

आज रात्री जेवण झाल्यावर तीन कामे करा. नाशिकमधील कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे औषध मिळते, ते फोन करून विचारा. तो क्रमांक, १०८ आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. आणि घरातल्या सर्वांसमोर ठरवून टाका की, वेळ आली तर सही कोण करील. ती व्यक्ती घरी नसेल तर दुसरे कोण, तेही लिहून ठेवा.