डॉक्टर पडद्यावर, रुग्ण वेशीबाहेर

वहिवाटीच्या एका वादाची कागदपत्रे पाहण्यासाठी मागे नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात गेलो होतो. बौद्ध वस्तीत ज्या घरी बसलो होतो, त्या घरातील आजीच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. साखरेचा आजार जुना. केळीच्या बागेत रोजाने जायचे, दिवसभर ओल्यात उभे राहायचे. जखम भरणार कशी? दवाखान्यात दाखवले का, असे विचारले तर म्हणाली, ‘दाखवलं की वकीलसायब. नर्सबाईनं फोनातला डाक्टर लावून दिला. मला डाक्टर दिसला, पण मी त्याला दिसले का न्हाई, कोण जाणं.’ बोलता बोलता रेंज गेली. गोळ्या मिळाल्या. पाय मात्र कोणीच पाहिला नाही.

अर्धापुरात परत येईपर्यंत आजीचे ते वाक्य डोक्यातून गेले नाही. कारण आज देशभर ज्या ‘डिजिटल आरोग्य क्रांती’चे नगारे वाजत आहेत, त्या क्रांतीला विचारायचा नेमका प्रश्न त्या निरक्षर बाईने विचारला आहे. डॉक्टर रुग्णाला दिसला की सरकारची आकडेवारी पूर्ण होते. रुग्ण डॉक्टरला दिसला की नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-संजीवनी ही सेवा सुरू केली. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो आणि पडद्यावरून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो, अशी तिची रचना. टाळेबंदीच्या काळात १३ एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टरशी बोलता येईल अशी दुसरी सोय झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडल्याचे सरकारने जाहीर केले. आकडा मोठा आहे. त्यातून अनेकांची सोय झाली हे नाकारण्याचे कारण नाही. रक्तदाबाची तीच ती गोळी पुन्हा लिहून घेण्यासाठी मजुराने रोज बुडवून नांदेड गाठावे, असे कोण म्हणेल? आत्महत्यांनी पोखरलेल्या आपल्या मराठवाड्यात १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’मधून मनाच्या दुखण्यावर फुकट बोलता येते, ही १० ऑक्टोबर २०२२ पासूनची सोय मी स्वतः लोकांना सांगत असतो. गावात मानसोपचारतज्ज्ञ कधी आला आहे? यंत्राचा विरोध ही आपल्या चळवळीची भूमिका कधीच नव्हती.

परंतु दुरून उपचार ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंत पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला. पण वस्तीबाहेरच तपासीन, या अटीवर. तान्ह्या बाळासह त्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. पुन्हा तो आला नाही. ती बाई मेली. निदान झाले, फी ठरली, औषधही आले, फक्त नाडीला हात लागला नाही! म्हणून अंतर राखून केलेल्या उपचाराची स्तुती ऐकली की आमचे कान टवकारतात. पडदा जात विचारत नाही हे खरे आहे, आणि काही ठिकाणी तो तेवढ्यापुरता उपकारकही ठरेल. पण पडद्यापलीकडचा डॉक्टर वस्तीत का येत नाही, हे विचारायचे आपण सोडून दिले, तर काठेवाडच्या त्या डॉक्टरला नवी सबब आयती मिळेल.

या बाबतीत सुधारलेल्या जगात काय घडले ते पाहू. ऑनलाइन उपचारांवर ज्या देशांत बारकाईने संशोधन झाले त्यांत स्वीडन आहे. लोकसंख्या साधारण एक कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या पासंगालाही न पुरणारी. आरोग्यसेवा करांच्या पैशातून, सर्वांसाठी. तेथील आरोग्य कायद्यातच एक तत्त्व लिहून ठेवले आहे: ज्याची गरज सर्वात मोठी, त्याला उपचारात अग्रक्रम. पुढे २०१५ च्या सुमारास क्री, मिन डॉक्टर अशा खासगी कंपन्या मोबाइलवर डॉक्टर देऊ लागल्या. कंपनीने एका विभागातील आरोग्य केंद्राशी करार करायचा, देशभरातील रुग्णांना तिथले ‘परगावचे रुग्ण’ म्हणून दाखवायचे आणि बिल रुग्णाच्या मूळ विभागाच्या सरकारी तिजोरीकडे पाठवायचे, अशी ती युक्ती. योन्शोपिंग हा विभाग त्यासाठी गाजला. हा दर पुढे खाली आणावा लागला. मुख्य मुद्दा मात्र पैशाच्या पलीकडचा आहे. या सेवेचा लाभ कोणी घेतला, याचा अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा दिसले की त्यात तरुण, शहरी, राजधानीच्या परिसरातील लोकांचा भरणा आहे. दुखणी बहुतांशी सर्दी, घसा, अंगावरचे पुरळ अशी. अनेक व्याधींनी जर्जर झालेला, गावाकडचा म्हातारा मागेच राहिला. कायद्यात अग्रक्रम गरजेला. व्यवहारात मात्र ज्याच्या हाती फोन, त्याला!

जिथे इंटरनेट घरोघरी आहे आणि जातिव्यवस्था नाही, तिथली ही गत. मग आमच्याकडे?

आमच्याकडे काय होते ते २०२१ च्या मे महिन्यात दिसले आहे. १८ ते ४४ वयोगटाच्या कोरोना लसीसाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली गेली. महाराष्ट्रातील शहरी मंडळींनी गाड्या काढल्या आणि खेड्यातील केंद्रांवर जाऊन लस टोचून घेतली. गावकरी आपल्याच गावच्या शाळेबाहेर उभे राहून रांग बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ रोजी याच डिजिटल दरीवरून केंद्राला फटकारले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील दर तीन स्त्रियांमागे जेमतेम एकीने कधीतरी इंटरनेट वापरले होते. महाराष्ट्र पुढारलेला म्हणायचा, तर इथे हे प्रमाण शेकडा ३८. त्यातही गावकुसाबाहेरच्या बाईच्या हाती स्वतःचा फोन किती वेळ असतो? घरातला चांगला फोन मुलाबरोबर पुण्याला कामावर गेलेला असतो.

आता आपल्या नांदेडकडे येऊ. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. सारा देश हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याच्यावर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, हे वाचकांना आठवत असेल. चर्चा त्या झाडूभोवती फिरली. औषधखरेदी, रिकाम्या जागा, हिंगोली-परभणी-यवतमाळपासून तेलंगणापर्यंतचा भार एकाच रुग्णालयावर पडतो ही गोष्ट, हे सारे दोन आठवड्यांत विरून गेले. त्या १२ बाळांपैकी एकाला तरी पडद्यावरचा सल्ला वाचवू शकला असता काय? नवजात बाळाला वेळेवर इनक्युबेटर, परिचारिका आणि औषध लागते. या गोष्टी इंटरनेटवरून उतरवून घेता येत नाहीत.

माझी भीती अशी की पडदा हा रिकाम्या खुर्चीवरचा पांघरूण ठरेल. उद्या उपकेंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला डॉक्टर मागायला गेलो तर ‘तुमच्याकडे ऑनलाइन सोय आहे ना’ असे ऐकावे लागेल. हा केवळ तर्क नव्हे; दररोज इतके कॉल झालेच पाहिजेत असा वरून दट्ट्या असतो, असे अनेक ठिकाणचे कर्मचारी खासगीत सांगतात. कॉलची संख्या मोजणारे अनेक. जखम भरली का, हे मोजणारा कोणी नाही.

वकील म्हणून दोन गोष्टी सांगतो. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल सरकार या १९९६ च्या निकालाकडे आपल्या कार्यकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. हा दावा लढवणारी संघटना शेतमजुरांची होती, हेही लक्षात घ्या. त्याच न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हाही अनुच्छेद २१ चा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या स्त्रियांना आणि दृष्टिहीनांना बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी डोळे मिचकवता येत नव्हते, त्यावरून तो खटला उभा राहिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. ऑनलाइन सोय हा हक्क आहे; पण तो प्रत्यक्ष उपचाराच्या हक्कावरची भर आहे. एक देऊन दुसरा काढून घेता येत नाही.

दुसरी गोष्ट अडचणीची आहे. ग्राहक कायद्याखाली डॉक्टरवर दावा करता येतो हे सर्वांना माहीत झाले आहे. पण १९९५ च्या शांता निकालानुसार जी सेवा सर्वांनाच मोफत दिली जाते, ती ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे पैसे मोजून खासगी ॲपवर चुकीचा सल्ला मिळालेला मनुष्य ग्राहक आयोगात जाईल. सरकारच्या मोफत पडद्यावर तसाच सल्ला मिळालेल्या मजूर बाईला औरंगाबाद खंडपीठात रिट किंवा दिवाणी दावा. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरवर जबाबदारी टाकली आहे. प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर त्याने तसे सांगितले पाहिजे. ठीक. पण सांगितल्यावर ती बाई नांदेडला जाणार कशी, कोण नेणार, रोज कोण भरून देणार, याबद्दल तत्त्वे मूक आहेत.

आणि गुपिताचे काय? स्वीडनमध्ये ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर आलेल्या २७ लाख फोनची ध्वनिमुद्रणे कुलूप न लावलेल्या सर्व्हरवर पडून असल्याचे फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झाले. संबंधित मेडहेल्प कंपनीला २०२१ मध्ये १ कोटी २० लाख क्रोनर दंड झाला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हरच सायबर हल्ल्याने बंद पडले. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास दीड वर्षाची मुदत. इकडे ‘आभा’ क्रमांक काढून घेण्याची मोहीम मात्र २०२१ पासूनच जोरात आहे. क्षयरोगाची, एचआयव्हीची, मानसिक आजाराची नोंद आडनावासह फुटली तर कोणाचे काम जाईल आणि कोणाला खोली भाड्याने मिळणार नाही, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या आजीला दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाने एस.टी.ने नांदेडला नेले. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. मी माहितीच्या अधिकारात तीन प्रश्नांचा अर्ज केला आहे: तालुक्यातील आरोग्य संस्थांत मंजूर पदे किती आणि भरलेली किती; गेल्या वर्षभरात पडद्यावरून किती रुग्ण पाहिले; आणि त्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवले व किती जण पोहोचले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘माहिती संकलित केलेली नाही’ असे येईल, असा माझा अंदाज आहे. अर्जाचा नमुना हवा असेल त्या कार्यकर्त्यांनी अर्धापूरला येऊन घेऊन जावा. प्रत्येक तालुक्यातून असा एक अर्ज गेला पाहिजे.