वेणी घालणारीचे नाव



जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा कंपनीचा फॅशन शो झाला आणि मॉडेल्सच्या पायांत आपल्या कोल्हापुरी चपला दिसल्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. त्या सुमारास पुण्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारले, "ताई, आपली चप्पल उचलून नेली, मग कायदा काय करतोय?" उत्तर शोधताना मला दुसराच प्रश्न सापडला. 'आपली' म्हणजे नेमकी कोणाची?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. नोंदणी आहे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. पुण्याचे वकील गणेश हिंगमिरे आणि इतरांनी प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नव्हते. पुढे डिसेंबरात प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून सुमारे २००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. दाद मागायची असो की वाटाघाटीला बसायचे असो, कागदावर नाव असणाऱ्यालाच विचारले जाते, हा यातला धडा.

आता चपलेकडे पाहू. मी ज्या चर्मकार घरांत बसले आहे, तिथे पुरुष रापीने कातडे कापतो, तळ घडवतो. पट्ट्यावरची बारीक वेणी आणि शिलाई बाई करते, चुलीवरचा भात बघत, मांडीवरचे मूल सांभाळत. कोल्हापुरीची ओळख ज्या वेणीने होते ती बाईच्या बोटांतून उतरते. तरी दुकान नवऱ्याच्या नावे, कारागीर ओळखपत्र नवऱ्याच्या नावे. विचारले तर तीच म्हणते, "मी काय, हातभार लावते." जातीने हिणवलेले हे काम; त्यातही बाईचे काम 'काम' नाहीच.

जीआयचा १९९९ चा कायदा हस्तकलेच्या वस्तू बनवणाऱ्याला 'उत्पादक' म्हणतो आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यालाही त्याच शब्दात सामावून घेतो. वस्तूचा एक भाग घरी बसून करणाऱ्या बाईबद्दल मात्र चकार शब्द नाही. पण याच कायद्यात एक दार आहे. महामंडळाखेरीज प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवता येते, आणि अशा वापरकर्त्याला नावाच्या गैरवापराविरुद्ध स्वतः दाद मागता येते. २०२० पासून या अर्जाचे शुल्क अवघे १० रुपये आहे. म्हणजे अडते ते पैशापाशी नाही. आपण उत्पादक कसे हे अर्जात दाखवावे लागते. आणि जिच्या श्रमाची नोंद कुठेच नाही, तिने ते कसे दाखवायचे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्यासाठी हीच भांडणे झाली. जमीन डोळ्यांना दिसत होती, ही नवी मालमत्ता दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून आपण तीन गोष्टींचा आग्रह धरू या. वेणी आणि शिलाई करणाऱ्या बाईला महामंडळांनी स्वतंत्र कारागीर म्हणून ओळखपत्र द्यावे. अधिकृत वापरकर्त्यांत तिची नोंद व्हावी यासाठी त्यांनी वस्तीवर येऊन अर्ज भरून घ्यावेत. आणि प्राडासारख्या करारांतून मिळणाऱ्या मजुरीत तिचा वाटा वेगळा मोजला जावा, तिच्याच खात्यात जमा व्हावा. आपल्या बचत गटांनीही पुढच्या बैठकीत तपासावे, आपल्या मसाल्याचे, पापडाचे नाव कोणी नोंदवले आहे, आणि कोणाच्या नावावर?

परदेशी कंपनीने कोल्हापूरचे नाव घेतले नाही याचा आपल्याला राग आला. तो रास्तच होता. पण घरातल्या कारागिरणीचे नाव आपण तरी कुठे घेतले होते?